स्पर्श हरपलेल्या पावलांसाठी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि यंत्रखरेदीच्या प्रत्येक प्रस्तावाचा जमाखर्च आम्हालाच मांडावा लागतो. मधुमेही रुग्णांच्या पादत्राणांत बसवावयाच्या दाबसंवेदकांचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्याविषयी दोन शब्द.

दीर्घकाळच्या मधुमेहात अनेकांच्या पावलांची संवेदना नष्ट होते. १० ग्रॅम भाराने वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून डॉक्टर ही बधिरता तपासतात. ज्याला तो तंतू जाणवत नाही, त्याला चपलेतला खडाही जाणवेलच असे नाही. जखम चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो.

येथे लवचीक संवेदक उपयोगी पडू शकतात. टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांच्या गटाने २००४ मध्ये वाकवता येणारे दाबसंवेदकांचे जाळे सादर केले. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने विद्युतवाहक थरांमध्ये सूक्ष्म पिरॅमिडांच्या आकाराचे रबर बसविले. दाब पडताच रबर चेपते, थरांतील अंतर घटते व विद्युतधारकता वाढते. ही वाढ म्हणजेच दाबाचे माप. सपाट रबरापेक्षा पिरॅमिड सहज चेपतात आणि चटकन पूर्ववत होतात.

परंतु एक जुना अनुभव विसरता येत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर मोलाचे कार्य केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कारव्हिल येथे बधिर हातापायांसाठी असेच संवेदक वापरून पाहिले. अतिदाब होताच इशारा मिळे, नंतर विजेचा झटकाही देऊन पाहिला. रुग्ण मात्र हातातले काम उरकण्यासाठी यंत्रच बंद करीत. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. वेदना बंद करता येत नाही, यंत्र बंद करता येते, हाच त्याचा बोध.

म्हणून आमची विनंती अशी की, खरेदीच्या रकमेसोबतच पाठपुराव्याची तरतूद व्हावी. रुग्णाला रोज पाय पाहण्याची सवय लावणारी, इशाऱ्यांची नोंद तपासणारी, प्रसंगी घरी जाणारी परिचारिका हवी. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते; परिचारिकेच्या वेतनावर लागत नाही. तरीही पाय वाचविण्यात तिचा वाटा यंत्राहून कमी नाही. या दोन्ही खर्चांना आपण सारखेच सढळ हाताने साहाय्य करावे, ही नम्र प्रार्थना.