कामगाराच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

(बुद्धविहारातील सभेत केलेल्या भाषणाचा पाठ)



आज मी आपल्यापुढे एका लहानशा बेटाची हकीकत ठेवणार आहे. इंग्लंड आणि आयर्लंड ह्यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. वस्ती सुमारे ८४ हजार. ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असूनही ते ब्रिटनचा भाग नाही. त्याचे स्वतःचे विधिमंडळ आहे. त्यास टिनवाल्ड म्हणतात. दरवर्षी जुलैमध्ये तेथे एका टेकडीवरून नव्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि बेटाच्या मँक्स भाषेत जाहीरपणे वाचला जातो. ज्यांच्या कानांवर शतकानुशतके शास्त्राचा शब्दही पडू दिला गेला नाही, त्या आपणांस ह्या प्रथेचे मोल सांगावयास नको.

परंतु कायदा ऐकविला म्हणजे जीव वाचला, असे होत नाही. १० मे १८९७ रोजी ह्या बेटावरील स्नेफेल खाणीत कामगार नेहमीप्रमाणे खाली उतरले. आतील लाकडांना आग लागून कार्बन मोनॉक्साइड वायू साठला होता. ह्या वायूस रंग नाही, वास नाही. वीस माणसे मेली. पुढे २ ऑगस्ट १९७३ रोजी डग्लस शहरातील समरलँड ह्या करमणूक केंद्रास आग लागून ५० जण मृत्युमुखी पडले. ज्वालाग्राही प्लास्टिकचे आच्छादन वापरण्यासाठी बांधकामाचे नियम शिथिल करण्यात आले होते. काही दरवाजे कुलूपबंद होते. चौकशी आयोगाने चुका मोजल्या, पण दुष्ट हेतूचा असा कोणी आढळला नाही, असे म्हटले. पन्नास वर्षांनी, २०२३ साली, बेटाच्या मुख्यमंत्र्यांनी क्षमा मागितली.

मी व्यवसायाने वकील आहे. मला विचाराल तर उणीव येथेच आहे. हेतू दुष्ट नव्हता, एवढ्याने जबाबदारी संपत नाही. ती कोणाची, हे दुर्घटनेच्या आधीच ठरलेले असले पाहिजे. लॉर्ड रोबेन्स ह्यांच्या समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर ब्रिटनने १९७४ साली जो कायदा केला, त्याचे मर्म हेच आहे. पुढे ह्या बेटानेही तो आपल्यास लागू करून घेतला. ह्या कायद्याने कामगाराच्या सुरक्षिततेचे कर्तव्य मालकावर टाकले. कामगार नसलेल्या, पण त्या कामामुळे धोक्यात येणाऱ्या माणसांचेही टाकले. कायद्याने आवश्यक ठरविलेल्या सुरक्षा साधनांचा पैसा कामगाराकडून घेण्यास मनाई केली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, याहून अधिक खबरदारी घेणे व्यवहारतः शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपी मालकावरच ठेवला. मेलेला कामगार साक्षीस कोठून येणार?

आता आपल्या वस्तीकडे पाहा. स्नेफेलच्या खाणीत १८९७ साली जे घडले, ते आपल्या गटारांत आजही घडते. तीच बंद जागा, तसाच न दिसणारा मृत्यू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाच्या न्याय्य आणि मानवोचित परिस्थितीचा आदेश आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे हा गुन्हा ठरविला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दल ३० लाख रुपये भरपाई ठरविली. ती मिळालीच पाहिजे. परंतु भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट आहे. कायद्याचे खरे काम मृत्यूच्या आधीचे आहे.

म्हणून आपणांस एवढीच विनंती आहे. कोणी आपल्या माणसास खाली उतरावयास सांगितले, तर त्याने उतरण्यास नकार द्यावा आणि विचारावे: आतील हवा कोणी तपासली? साधने कोठे आहेत? हुकूम कोणाचा आहे? तो लेखी द्या. हुकूम देणाऱ्याचे नाव, दिवस आणि वेळ आपण टिपून ठेवा. न्यायालयात हाच कागद बोलेल.

आणि कोणी मेला, तर “नशीब त्याचे” असे म्हणू नका. १९५६ साली नागपूरला आपण दैव मागे टाकून आलो. कारणाशिवाय कार्य नाही, हे तथागतांनी शिकविले. मृत्यूला कारण असते, आणि त्या कारणामागे एक जबाबदार माणूस असतो. त्याचे नाव विचारणे हा आपला हक्क आहे.

जय भीम!