थैलीत काय पडावं?

(वाशीम जिल्ह्यातल्या एका युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी अभ्यासक नाही. दहावी पास हमाल आहे. मुंबईच्या गोदीत पोती उचलतो अन् रात्री कविता लिहितो. पण पोत्याबद्दल बोलायचा अधिकार मला माझ्या पाठीनं दिलाय. त्या पोत्यातलं आपल्या थैलीत काय पडतं अन् ते कोण ठरवतं, एवढंच मला आज बोलायचंय.

मागच्या खेपेला गावी आलो. दारात मोटारसायकलवाला उभा. रेशनचा तांदूळ विकत घेणारा. मायनं त्याला चार किलो तांदूळ मोजून दिला अन् आलेल्या पैशात दुकानातून पावशेर तेल, पावशेर तूरडाळ आणली. तेवढ्यात रस्त्यानं एक पांढरे कपडे चालले होते. थांबून म्हणाले, "बघा, फुकटचं विकून खातात. बंद करा यांचं रेशन." अन् सांगायला लाज वाटते, मी त्यांच्यावर नाही, मायवर ओरडलो. "कायले इकतं वं माय?"

माय म्हणाली, "इकत नाही रे बाप्पा, बदलून घेतो. घरात तांदूय हाय, तेल नाही, डाय नाही. कोरडा भात गयाखाली उतरते का?"

दोस्तहो, माझ्या माईला कायदा चोर म्हणू शकतो. पण ती काय करत होती? जेवायला काय हवं ते निवडत होती. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या निवडीला आवड म्हणतात. आमच्या निवडीला गुन्हा!

ही गोष्ट आजची नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी येसकराची पाळी केली. दारोदार भाकर गोळा केली. ताजी, शिळी, करपलेली, जी पडेल ती. टोपल्यात काय टाकायचं ते देणारा ठरवायचा. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टे तुकडे सोडा. म्हणजे काय सांगितलं? आपल्या ताटात काय येणार हे आपण ठरवायचं. भुकेल्यानं नाही म्हणणं, याच्याएवढं बंड दुसरं नाही.

आता रेशन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो. दर ठरले तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया. जानेवारी 2023 पासून ते फुकट झालं. हा कायदा आहे, कोणाच्या बापाचा उपकार नाही. पण पाहा, कायद्यात भरड धान्य आहे अन् वऱ्हाड पिढ्यान् पिढ्या ज्वारीच्या भाकरीवर जगला. तरी थैलीत वर्षानुवर्षं पडला तो गहू अन् तांदूळ. ज्वारी आली तर पाहुण्यासारखी. का? कारण कोठारात गहू-तांदूळ भरलाय. सरकारी खरेदीनं जे साठतं ते आपल्या पोटात रिकामं करतात. तूर आपल्या जिल्ह्यात पिकते. आपल्या बाया ती सोंगतात. शेजारी अकोल्यात तिच्या डाळमिला आहेत. अन् सोंगणारीच्या थैलीत डाळ नाही!

1972 च्या दुष्काळात लाल मिलो आली. म्हाताऱ्यांना विचारा. अमेरिकेत ते धान्य मुख्यतः जनावरांना घालतात. अन् खुद्द अमेरिकेतल्या गरिबाचं काय? 1939 मध्ये तिथं अन्नाची तिकिटं निघाली. नारिंगी तिकिटावर कोणतंही खाणं घ्या. निळ्यावर मात्र सरकार जे जास्तीचं झालं म्हणेल तेवढंच. कोठार तिथंही गरिबाच्या पोटावर बसलेलं होतं. आता 2026 च्या जानेवारीपासून तिथल्या काही राज्यांनी या मदतीतून गोड शीतपेयं, मिठाई घ्यायला बंदी घातली. म्हणतात, गरीब वाईट खातो. साखरपाणी वाईट, मला मान्य. पण मग ते सगळ्यांनाच वाईट. श्रीमंताच्या हातातली बाटली कोणी हिसकावत नाही.

आपल्याकडं कोठारासोबत जातही ठरवते. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारनं ठरवलं, शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं. जे खात नाहीत त्यांना केळं. कोणावर जबरदस्ती नव्हती. तरी काहींचा धर्म बुडाला. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा वेगळा पैसा बंद. हवं तर लोकवर्गणी करा म्हणाले. आमच्या मजूर वस्तीत कोण वर्गणी देणार? त्याआधी 2015 च्या कायद्यानं बैलाचं मांस बंद केलं. गरिबाचं स्वस्तातलं मांस गेलं, त्याच्या जागी काय देणार हे कोणी बोललं नाही. दुसऱ्याच्या सोवळ्याचा खर्च आमच्या पोरांच्या हाडांतून का म्हणून?

आता कोणी म्हणेल, डाळ-तेल वाटणं सरकारला जमत नाही. खोटं! 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो. म्हणजे त्याच दुकानातून डाळ देता येते, तेल देता येतं. मग सणालाच का? भूक काय कॅलेंडर पाहून लागते?

मुंबईहून येताना मी ठरवूनच आलो होतो की सांगावं, धान्य नको, रोख पैसे द्या, माय जे हवं ते घेईल. पण इथं आपल्याच जिल्ह्यात काय झालं ते पाहा. आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत, त्यात वाशीम आलं, 2015 पासून केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी 5 किलो धान्य दोन-तीन रुपये दरानं मिळायचं. 2022 मध्ये त्या योजनेला केंद्राकडून धान्य मिळेना. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये ठरले, 2024 मध्ये 170 केले. आता हिशेब करा. ज्वारी चाळीस रुपयांवर गेली की 170 रुपयांत सव्वाचार किलोही येत नाही. भाव वाढतो, रक्कम तिथंच बसून राहते. किलो आटत नाही, रुपया आटतो. अन् ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या केशरी कार्डाच्या मजुराला ना धान्य ना पैसा.

काल रात्री वस्तीत बोलणं झालं. एक काकू उठून म्हणाली, "पैसे नोको देऊ रे बाबू. पैसे आले का तुहा काका थेट भट्टीवर जाते. गहू त पिता येत नाही!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. पण हेच वाक्य बाहेरचा माणूस आपलं तोंड बंद करायला वापरतो, अन् काकू आपलं घर वाचवायला. बाहेरचा म्हणतो, हे दारुडे, म्हणून यांना निवड नको. काकू तर स्वतः निवडतच होती. तिनं धान्य निवडलं. माझ्या माईनं तेल निवडलं. दोघींचं बरोबर आहे. चूक आहे ती दोघींना एकच थैली देणाऱ्याची.

म्हणून माझं म्हणणं असं. कायद्यानं दिलेलं धान्य एक दाणाही कमी होता कामा नये. त्या धान्यात ज्वारी मागितली तर ज्वारी मिळावी. डाळ अन् तेल सणाचं नको, महिन्याचं हवं. पैसा ज्या घराला हवा त्या घराला द्या, पण तो बाजारभावानं, घरच्या बाईच्या खात्यावर, अन् भाव चढला की तोही चढावा. धान्य की पैसा हे कार्डावरच्या बाईनं सांगावं. सातबारा नसलेल्याला वगळू नका. शाळेतलं अंडं परत आणा, सरकारी खर्चानं.

2018 मध्ये दिल्लीनं वाशीमला आकांक्षित जिल्हा म्हटलं. आमची आकांक्षा सांगतो, लिहून घ्या. भाकर, वरण, चार थेंब तेल, पोराच्या ताटात एक अंडं.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव आपल्या बायांनी मांडायचा. पोरांनी फक्त लिहून द्यायचा. अन् त्या दिवशी मोटारसायकलवाला दारात आला, कोणी माईला चोर म्हटलं, तर मी यावेळी माईवर ओरडणार नाही.

जय भीम.