सुई, थापी आणि नवें बिऱ्हाड

(महोत्सवाच्या निमित्तानें जमलेल्या कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



महोत्सव मंडळानें आमच्याकडे जो विषय सोंपविला आहे, तो प्रथमदर्शनीं एखाद्या धर्मगुरूनें बोलण्याजोगा वाटणार नाहीं. भगिनींचें म्हणणें असें, कीं संध्याकाळच्या लोकरीच्या विणकामाला हल्लीं कोणास फुरसत उरली नाहीं; ज्यांनीं अलीकडे जागा घेतल्या, त्यांच्या घरांत गवंडी आणि सुतार ठाण मांडून बसले आहेत; आणि जे या शहरांत नुकतेच उतरले, त्यांना विणकाम काय आणि घरदुरुस्ती काय, दोन्ही चैनीच्या गोष्टी वाटतात. तेव्हां या तिन्हींचा मेळ कसा घालावा, तें सांगावें. कामें तीन, परंतु हात दोनच. पैसा एकाच थैलींतला आणि दिवसाचे तास मोजके. प्रश्न लहान दिसतो खरा. तथापि पुष्कळ घरांतली कुरबूर याच प्रश्नांतून उगवते, हें आम्हीं कुटुंबांच्या भेटी घेतांना पाहिलें आहे. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करूं.

प्रथम आपण ज्या गांवांत राहतों, त्या गांवाकडे पाहूं. भिवंडी हें कापडाचें गांव. १८५७ च्या धामधुमीनंतरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतले विणकर उपजीविकेच्या शोधांत दक्षिणेकडे उतरले. त्यांतले कांहीं मालेगांवीं, कांहीं धुळ्यास आणि कांहीं येथें स्थिरावले. पुढें तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले. कामतघर आणि पद्मानगर या वस्त्यांतून त्यांची भाषा आजही कानांवर पडते. हातमागाच्या जागीं यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत ओढले गेले; त्यानंतर गिरण्यांतलें पुष्कळ काम येथील मागांकडे वळलें. २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या सात लक्षांहून अधिक भरली. आतां महामार्गाच्या दुतर्फा मोठमोठीं गुदामें उभीं राहिलीं आहेत, आणि मागाच्या धंद्याला पूर्वीची बरकत उरलेली नाहीं. वसईचे, घाटावरचे, गोमंतकांतले असे आपण निरनिराळ्या काळीं येथें आलों. परंतु आपल्या शेजारचा बहुतेक प्रत्येक मनुष्य, त्याचा बाप किंवा त्याचा आजा, असाच कोठून तरी आलेला आहे. ज्या गांवांत बहुतेक सारेच पाहुणे, त्या गांवांत कोणी उपरा नाहीं, ही गोष्ट नव्या बिऱ्हाडकरूनें पहिल्याच दिवशीं मनाशीं धरावी.

आतां विणकामाकडे वळूं. आपल्या मराठींत मागावर कापड विणतात आणि सुयांवर लोकरही विणतात, क्रियापद एकच. कृति मात्र वेगळी आहे. मागावर उभे धागे आधीं ताणून बसवितात आणि त्यांच्यामधून आडवा धागा धांवतो. त्याला यंत्र पाहिजे, जागा पाहिजे, वीज पाहिजे. सुईच्या विणकामाला एक अखंड धागा आणि दोन सुया पुरतात. टाक्यांतून टाका ओढावा, ओळ संपवावी आणि पिशवींत ठेवून द्यावें. आगगाडींत, इस्पितळाच्या बांकावर, चुलीवर भात शिजत असतां तें होऊं शकतें. ज्यानें घर सोडलें, ज्याचें सामान अजून खोक्यांत आहे, त्यालाही तें बरोबर नेतां येतें. एक टाका निसटला तर त्याच्या खालचे टाके ओळीनें उसवत जातात. पण वेळींच लक्ष गेलें तर क्रोशाच्या सुईनें एकेक टाका उचलून पुन्हां वर आणतां येतो. सगळेंच चुकलें तर उसवावें. लोकर वांया जात नाहीं.

कोणी म्हणेल, कोंकणपट्टींत थंडी ती किती, आणि बाजारांत स्वेटर स्वस्त मिळत असतां हा उद्योग कशाला? त्याला उत्तर आहे. कमी वजनाच्या नवजात बाळाच्या शरीरांतली ऊब डोक्यावाटे फार लवकर निघून जाते; म्हणून डॉक्टर अशा बाळाला टोपी घालावयास सांगतात, आणि ती उन्हाळ्यांतही लागते. अशी एक टोपी एका-दोन संध्याकाळींत पुरी होते. शिवाय सुताच्या जाड धाग्याचे रुमाल, पिशव्या, लेंकरांचे मोजे आहेतच. तरी आमच्या मतें मुख्य लाभ निराळा आहे. परक्या गांवीं आलेल्या स्त्रीला बोलावयास निमित्त लागतें. नुसतें दुसऱ्याच्या दारांत जाऊन बसणें अवघड वाटतें, हातांत विणकाम असलें म्हणजे "हा टाका कसा घालतां?" एवढा एक प्रश्न पुरतो, आणि तेथून ओळख वाढते.

परंतु येथें आम्हीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या गांवांत यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आल्या आहेत, आणि पुष्कळ बायका दिवसभर कांड्या भरून पोट भरतात. ज्या हातांनीं सकाळपासून सूतच हाताळलें, त्या हातांना संध्याकाळीं पुन्हां परोपकारासाठीं सूत हातीं घ्या, असें सांगणें हा परोपकार नव्हे. अशा भगिनीला विसांवा द्यावा. तिनें मंडळींत येऊन नुसतें बसावें, चहा घ्यावा, बोलावें. विणकाम ज्याला विश्रांति देतें त्यानेंच तें करावें. ज्याला तें ओझें होतें त्यानें खुशाल सुया खालीं ठेवाव्या.

घरदुरुस्तीचा विषय याहून गंभीर आहे, कारण येथें चूक उसवतां येत नाहीं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे याच शहरांत पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली, आणि झोंपेंत असलेलीं चाळीसच्या आसपास माणसें गेलीं. २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाडा येथें गुदाम असलेली इमारत पडली, तेव्हां आठ जण दगावले. तीं सारीं आपल्यासारखींच पोटासाठीं शहर गांठलेलीं माणसें होतीं. म्हणून घराला नवें रूप देण्याआधीं घर उभें कशावर आहे, तें पाहावें. आपल्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणें ३० वर्षें झालेल्या इमारतीची बांधकाम अभियंत्याकडून तपासणी करून घेणें बंधनकारक आहे. ही तपासणी टाळून लाद्या बदलण्यांत अर्थ नाहीं.

छताच्या पोपड्यांतून लोखंडी सळी दिसूं लागली म्हणजे तिच्यावर नुसता गिलावा थापूं नये. गंजलेलें लोखंड मूळच्यापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतें. तें आंतून फुगतें आणि बाहेरचा गिलावा पुन्हां फोडतें. गंज खरवडून, सळीला संरक्षक लेप देऊन, मगच भर घालावी लागते. आणि सळी फार झिजली असेल तर अभियंत्यालाच विचारावें. खोली मोठी दिसावी म्हणून खांब किंवा तुळई तासूं नये. कोणती भिंत भार वाहते आणि कोणती नुसती आडोशाची, हें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवूं नये. पोटमाळ्यावर मालाच्या गठड्या रचतांनाही खालच्या स्लॅबचा विचार करावा.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधीं छप्पर आणि गच्ची, मग नळ आणि मोऱ्यांची गळती, मग विजेच्या तारा, मग गिलावा, मग फरशी, आणि सर्वांत शेवटीं रंग. आपल्याकडे बहुधा उलट होतें. लग्नकार्य जवळ आलें म्हणजे आधीं रंग काढतात. पावसाळ्यांत ओल येते, रंग फुगतो, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां तोच खर्च. दिवाळीनंतर काम काढावें आणि मृगाच्या आधीं आटोपावें. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावें. घाईनें वाळविलेला गिलावा पुढें तडकतो. एका वेळीं एकच खोली घ्यावी, म्हणजे उरलेल्या घरांत माणसांना माणसांसारखें राहतां येईल. आणि नाक्यावरून आणलेल्या मजुराची मजुरी त्याच दिवशीं संध्याकाळीं चुकती करावी. तोही आपल्यासारखाच बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेला आहे.

विणकाम जाणणाऱ्या भगिनींना येथें एक सवय फार उपयोगी पडेल. चांगली विणणारी एकदम स्वेटरचे टाके घालीत नाहीं. आधीं वीतभर तुकडा विणते, चार इंचांत किती टाके बसले तें मोजते, आणि मग अंगाच्या मापाचा हिशेब करते. घराच्या कामांतही असाच नमुना घ्यावा. एका भिंतीचा खर्च आणि वेळ आधीं मोजावा, मग त्यावरून साऱ्या घराचा अंदाज बांधावा. ज्यांनीं हें केलें नाहीं, त्यांचीं अर्धीं उकरलेलीं घरें आणि पुरीं झालेलीं कर्जें आम्हीं पाहिलीं आहेत.

नव्या शहरीं नवें बिऱ्हाड, हातांत कसब आणि घर दुसऱ्यांना उघडें, या तिन्हींचा मेळ घालणारें एक जोडपें आपल्या शास्त्रांत आहे. अक्विला मूळचा पंत प्रांतांतला. तो आणि त्याची पत्नी प्रिस्किला रोमेंत राहत होतीं. क्लौद्य बादशहाच्या हुकुमानें यहुदी लोकांना रोम सोडावें लागलें, तेव्हां तीं करिंथ शहरीं आलीं. धंदा तंबू करण्याचा. संत पौल त्याच धंद्याचा. तो त्यांच्याकडेच उतरला आणि त्यांच्याबरोबर काम करूं लागला. पुढें तीं इफिसास गेलीं, आणि मागाहून पुन्हां रोमेंत दिसतात. इफिसांत काय आणि रोमेंत काय, त्यांच्या घरीं श्रद्धावंतांची मंडळी जमत असे. घरें बदललीं, शहरें बदललीं. कसब आणि उघडें दार मात्र बरोबर राहिलें. त्यांच्या घरांत लाद्या कसल्या होत्या, याची नोंद कोणीं ठेवलेली नाहीं.

शहर हेंही एक घरच आहे, आणि त्याचीही डागडुजी करावी लागते. आपलें गांव १९७० सालीं आणि पुन्हां १९८४ सालीं दंगलींत होरपळलें. पुढें १९८८ पासून येथील पोलीस अधिकारी श्री. सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. निरनिराळ्या धर्मांचे शेजारी पोलिसांसह नियमानें एकत्र बसूं लागले, आणि नळावरचें, गल्लींतलें भांडण लहान असतांनाच मिटवूं लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. निसटलेला टाका वेळींच उचलला म्हणजे काय होतें, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तें काम मोठ्या सभांनीं झालें नाहीं; शेजाऱ्याचें नांव ठाऊक असणाऱ्या साध्या माणसांनीं केलें.

तेव्हां मेळ कसा घालावा? आमचें सांगणें थोडक्यांत असें. जीविताला धोका असेल तेथें दुरुस्ती पहिली; तिच्यापुढें दुसरें कांहीं नाहीं. शोभेसाठीं दुरुस्ती असेल तर ती थांबूं शकते. तिच्यापायीं मुलाची फी किंवा म्हाताऱ्यांचें औषध अडकूं देऊं नये. नव्यानें आलेल्या कुटुंबानें पहिल्या वर्षीं घर सजविण्यापेक्षां जिन्यावरचीं बिऱ्हाडें ओळखून घ्यावीं. आणि जुन्यांनीं त्यांची वाट न पाहतां स्वतः वर जावें. तिसऱ्या मजल्यावर दिवसभर एकटी असणारी नवी सूनबाई आपण होऊन खालीं येत नसते. घरांत धूळ उडत असेल तितके दिवस लोकर पत्र्याच्या डब्यांत बंद ठेवावी, आणि गवंडी गेला कीं पुन्हां काढावी. चार महिन्यांनीं हात विसरत नाहीं. पुरुषांनींही एक ध्यानांत घ्यावें: पत्नीनें सुया हातीं धराव्या असें वाटत असेल, तर भांडीं घांसण्यास कोणीतरी उठलें पाहिजे. आणि स्वतः सुया धरल्या तरी कांहीं बिघडत नाहीं. मागावर तर या गांवांत पुरुषच बसत आले आहेत.

येत्या पावसाळ्यापूर्वीं ज्यांच्या इमारतीची तपासणी व्हावयाची आहे, त्यांनीं ती अवश्य करून घ्यावी, आणि एकट्यानें खर्च झेपत नसेल तर इमारतींतल्या सर्वांना एकत्र बसवावें. त्या बैठकीला आम्हांस बोलावलें, तर आम्हीही येऊं. आपलीं घरें मजबूत राहोत, आपल्या हातांना काम आणि विसांवा दोन्ही मिळोत, आणि आपल्या दारीं आलेला नवा मनुष्य उंबऱ्यावर ताटकळत न राहो, एवढीच त्या दयाळू पित्याच्या चरणीं आमची प्रार्थना.