मच्छीमारांचं रक्षण: ठरावात एक वाक्य कमी आहे



आजच्या ठरावाच्या मसुद्यात एकच मागणी आहे: पाकिस्तानच्या तुरुंगातले भारतीय मच्छीमार सोडवा. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे. तेवढंच सांगायला मी उभा आहे.

हे लोक कोण? पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या बोटींवर पालघर-डहाणूकडचे अनेक तरुण खलाशी म्हणून जातात. त्यांत आदिवासीही बरेच. बोट शेठची, अंगमेहनत यांची. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातला असाच एक खलाशी समुद्रात गोळी लागून मेला. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलातल्या दहा जणांवर गुजरात पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

अशी बातमी आली की आपण म्हणतो, गस्त वाढवा. आपल्या हद्दीत गस्त हवीच. पण सर क्रीकचा वाद मिटलेला नसल्याने तिथली सागरी हद्दच दोन्ही देशांनी मिळून ठरवलेली नाही. मासळीमागे गेलेली बोट पकडली गेली, की पुढे गस्तीचा उपयोग नसतो. तिथे कायदाच लागतो.

तो कायदा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचं ७३ वं कलम सांगतं की, अनन्य आर्थिक क्षेत्रात पकडलेली बोट आणि माणसं वाजवी जामिनावर लवकर सोडावीत. आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल, तर मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल तुरुंगवास देऊ नये. भारताने हा करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. शिवाय २००८ चा द्विपक्षीय करार आहे: शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली, की महिन्याभरात कैद्याला परत पाठवायचं. प्रत्यक्षात खात्री पटवण्यातच वर्षं जातात. कैद्यांना भेटणारी दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती २०१३ नंतर थंडावली.

आता अवघड भाग. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते, आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी. म्हणजे जी तक्रार आपण करतो, तीच कराचीच्या कोळीवाड्यातली एखादी आई आपल्याविरुद्ध करू शकते. मग आपण कुठल्या तोंडाने ७३ वं कलम पुढे करणार?

म्हणून माझी सूचना: ठरावात दुसरं वाक्य घाला. 'भारतानेही आपल्या ताब्यातल्या पाकिस्तानी मच्छीमारांना हाच नियम लावावा, आणि दोन्ही देशांनी बोटी परत कराव्यात.' बोट परत मिळाली नाही, तर सुटून आलेल्या माणसाच्या हाताला काम कुठलं?

काहींना हे देशाविरुद्ध वाटेल. मला वाटतं, पालघरच्या त्या घरांसाठी याहून उपयोगी वाक्य आपल्याकडे नाही. परदेशात राहून आपल्याला एक गोष्ट सहज जमते: एकच पत्र दोन्ही वकिलातींत नेऊन देणं. ते करूया.