पट्टा दोघांचा, मार एकटीला का?

(सिंदी मेघे येथील शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. ज्या गावांतून कोणी येऊ शकले नाही त्यांच्यासाठी देत आहोत. गावात वाचून दाखवावे.)



दोन दिवस आपण दाव्यांचं बोललो. नकाशा, जुन्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब. आता ज्यावर बैठकीत कोणी बोलत नाही त्यावर बोलू. वनखात्याचा गार्ड आपल्या बाईच्या डोक्यावरची मोळी हिसकतो तेव्हा सगळं गाव धावून जातं. तीच बाई रात्री घरात मार खाते तेव्हा शेजारी दार लावून घेतो. म्हणतो, नवरा-बायकोचं भांडण, आपण काहून पडायचं?

आम्ही म्हणतो, पडायचं. आणि हे काही शहरातून शिकून आलेलं नाही.

शहाद्याची गोष्ट जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, आता नंदुरबार. 1972 च्या सुमारास तिथले भिल्ल गहाण गेलेल्या आणि बळकावलेल्या जमिनींसाठी उठले. अंबरसिंग सुरतवंती त्यांच्यातलाच माणूस. श्रमिक संघटना तेव्हाच उभी राहिली. मोर्चात बाया पुढे, घोषणा देण्यात बाया पुढे. पण बायांचं शिबिर भरलं तेव्हा त्या मजुरीच्या दरावर थांबल्या नाहीत. घरातल्या माराचं बोलल्या. मग टोळीने जाऊन दारूच्या गुत्त्यांवरची मडकी फोडली. पुढे पुढे तर नवऱ्याने मारलं असं कळलं की बाया जमायच्या आणि त्याला चारचौघांत बायकोची माफी मागायला लावायच्या. जमिनीचा लढा त्याने फुटला नाही. मालकापुढे न वाकणारी बाई घरात का वाकेल, एवढा साधा हिशोब होता.

दारूचं एक बोललं पाहिजे. देवाला मोहाची धार देणं वेगळं आणि गुत्त्यावर मजुरी उडवणं वेगळं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी झाली ती बायांच्या आणि गावांच्या रेट्याने. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर कितीतरी वर्षांपासून बंदी आहे, कागदावर. मार थांबला का? न पिणारे मारत नाहीत का? 'प्यायला होता म्हणून मारलं' हे कारण आम्हाला पटत नाही. पिऊन तो फॉरेस्टरला मारत नाही, बरोबर बायकोलाच मारतो.

आता आपल्या मुद्द्यावर. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो की लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघाला पाहिजे. घरात एकटीच बाई कर्ती असेल, विधवा असो की टाकलेली, तर तिच्या एकटीच्या नावाने. हा पट्टा वारसांना जातो, विकता येत नाही. म्हणजे पिण्यासाठी कोणाला लिहून देताही येत नाही. सातबाऱ्यावर आजवर आपल्या किती बायांची नावं होती? म्हणून हे मोठं आहे. पण मार खाऊन बाई माहेरी निघून गेली आणि दावा नंतर भरला, तर तिचं नाव कोण सांगणार? तो दुसरी आणतो आणि दुसरीचंच नाव लिहितो. वनहक्क समितीत एक-तृतीयांश बाया असायला पाहिजेत. त्या फक्त अंगठ्यापुरत्या असल्या तर कोणी विचारत नाही की बाबा, पहिली कुठे आहे? एक मार असा पडतो आणि बाई घरासोबत वावरातूनही जाते.

घरातून हाकलणं कायद्याने बंद आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 ला झाला, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. ज्या घरात ती नवऱ्यासोबत नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावाने असो. मारणं तर आलंच, उपाशी ठेवणं, मजुरीचे पैसे हिसकणं, घाण शिव्या देणं, हेही त्यात येतं. आपल्याकडे खर्चापायी लग्नाचा विधी मागे राहतो, जोडपं आधीच नांदतं. त्यांनी घाबरू नये. नवरा-बायकोसारखे एका घरात राहणाऱ्यांनाही हा कायदा धरतो.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो घटनेचा अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. बाई स्वतः थेट कोर्टातही जाऊ शकते. सासर लांबच्या तालुक्यात असलं आणि ती माहेरी आली असली, तर माहेरच्या भागातल्या कोर्टात अर्ज चालतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, साठ दिवसांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. होत नाही ते सोडा, पण मागणी आपण तीच करायची. कोर्टाने दिलेला संरक्षणाचा आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाईला आणि आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. इथून, सिंदी मेघेहून, वर्ध्याचं कोर्ट लागूनच आहे. कारंजा-आर्वीच्या जंगलातल्या बाईची मात्र अख्खी मजुरी बुडते. म्हणून तिला एकटीला पाठवू नका, गावातली एक बाई सोबत द्या. लागलेलं असेल तर आधी दवाखाना, तिथला कागद जपून ठेवा.

जातपंचायतीत मिटवू असं वडीलधारे म्हणतील. त्यांचा मान आहेच. पण दंड घ्यायचा, त्याचा बोकड कापायचा आणि बाईला त्याच घरात परत पाठवायचं, याला मिटवणं म्हणत नाहीत. पंचायतीत ती स्वतः बोलेल, तिच्या बाजूने बाया बसतील, आणि तिला कोर्टात जायचं असेल तर कोणी अडवणार नाही, एवढं तरी गावाने ठरवावं. 'आपल्या माणसावर केस केली तर वनखातं हसेल' असं काही भाऊ म्हणतात. हसू द्या. ते तर आपण दावा भरला तेव्हाही हसले.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन याद्या आणाव्यात. एक, भरलेले दावे आणि त्यातल्या किती दाव्यांवर बायकोचं नाव आहे. दुसरी, टाकलेल्या, माहेरी आलेल्या, विधवा बायांची, ज्यांचा दावा अजून भरलाच नाही. ही दुसरी यादी बायांनीच करावी, कारण घराघरातलं त्यांनाच माहीत असतं. शिवाय रात्री-बेरात्री बाई निघाली तर कोणत्या दोन घरांची दारं तिला उघडी राहतील, ती घरंही ठरवून या. ती नावं कागदावर लिहू नका, फक्त बायांना सांगून ठेवा.