मोलकरणीच्या तासाचे मोल



बरे वेतन देणारे काम कोठे मिळेल, असे शहरातील श्रमिक स्त्री विचारते, तेव्हा तिला बहुधा एकच सल्ला मिळतो: हातची घरे सोडू नयेत, आणखी एक धरावे. त्याने मिळकत वाढते, हे खरे. तासाचा दर वाढतो काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मोलकरणीचा पगार भांडी, धुणे, केर-फरशी, पोळ्या अशा कामांवर ठरतो. घड्याळाला त्यात स्थान नाही. समजा, एका बाईकडे चार घरे आहेत. प्रत्येक घरी रोज सवा तास काम आणि महिना १५०० रुपये. दोन सुट्या वजा जाता २८ दिवसांत १४० तास भरतात आणि ६००० रुपये मिळतात; म्हणजे तासाला सुमारे ४३ रुपये. पण एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाणे, मालकीणबाईंची आंघोळ-पूजा आटोपेपर्यंत जिन्यात बसून राहणे, यांत रोज दोन तास जातात. ते धरले की तास १९६ होतात आणि दर ३१ रुपयांच्याही खाली येतो. त्यात पाहुणे आले की भांड्यांचा ढीग दुप्पट होतो, पगार तोच! कारखान्यात जादा कामाला जादा दर मागणारा गृहस्थही आपल्या घरी हा नियम विसरतो, आणि त्यात पुरोगामी म्हणविणारी घरे अपवाद नाहीत.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. विखुरलेल्या, एकेका स्वयंपाकघरात एकट्या राबणाऱ्या स्त्रिया संघटित होऊच शकत नाहीत, हा समज त्या संपाने खोटा ठरविला. पुढे कायद्याची वाटचाल मात्र अडखळतच झाली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तास, दिवस वा महिना या मापाने दर ठरविण्याची सोय होती. कर्नाटकाने २००४ साली तिचा घरकामासाठी उपयोग केला. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आली, कल्याणाच्या योजना आल्या, वेतनाचा दर आला नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. घरच्यांच्या हाकेसाठी थांबून राहण्याचा वेळही, देशाच्या कायद्याने ठरेल त्या मर्यादेत, कामाचा धरावा, असे त्यात म्हटले आहे. जिन्यात बसणाऱ्या बाईचा प्रश्न जिनिव्हात पोहोचला. जिन्याच्या वरच्या मजल्यावर तो अजून पोहोचलेला नाही.

तासाच्या दराची मागणी करताना एक धोका ओळखला पाहिजे. दर तासाचा झाला की मालक तास कापू पाहील आणि सवा तासाचे काम पाऊण तासात उरकायला लावील. म्हणून दरासोबत कामाचे प्रमाण आणि निदान तासांची हमी यांचाही आग्रह हवा. हे वस्तीतल्या बायकांना शिकवावे लागत नाही. त्यांना ते अनुभवाने ठाऊक असते. उणीव आहे ती नोंदीची. दारात शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि मधली खोळंबा झालेली मिनिटे अशी महिनाभराची वही वीस-पंचवीस जणींकडून लिहून घेणे, हे येत्या महिन्यात कोणत्याही शाखेला जमण्यासारखे काम आहे. जिला लिहिता येत नाही, तिची शाळेत जाणारी मुलगी लिहील.