लांब हाताचे शिवणयंत्र



'गोधडीवर व्याख्यान कसले द्यायचे?' असे घरातच मला विचारण्यात आले. पण मागे मुलीकडे अमेरिकेत राहिले असता तिच्या शेजारणीच्या तळघरात जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिकडची क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची मावसबहीणच. वर तुकडे जोडलेले कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर. तुकडे जोडणे साध्या यंत्रावर होते. अडते ते तिन्ही थर एकत्र टाचताना. सुईपासून यंत्राच्या खांबापर्यंत जागा जेमतेम सात-आठ इंच. तीतून 90 इंची रजई गुंडाळून कोंबायची! खांदे भरून येतात आणि न टाचलेली जोडकामे कपाटात साचत जातात.

'लाँगआर्म' यंत्राने हा मामला उलटा केला. कापड दहा-बारा फुटी चौकटीवर ताणून बसते आणि यंत्रच चाकांवर फिरते. दोन मुठी धरून बाई ते चालवते, फळ्यावर खडू चालवावा तसे. खांब सुईपासून दीड-दोन फूट, कधी त्याहूनही लांब. हात मंद आणि सुई जलद असली तर टाके बारीक पडतात. हात धावला की लांब. हल्ली हाताचा वेग ओळखून टाके सारखे ठेवण्याची सोय असते. मात्र जोडकामात झोल राहिला असेल तर यंत्र दयामाया करीत नाही, चुणीच पक्की शिवून टाकते. शेजारीणबाईंनी अशी एक रजई मला हसत दाखवली. तीन संध्याकाळी टाके उसवीत बसल्या होत्या!

केंटकीतील पडुका गावच्या प्रदर्शनात 1989 साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्राने टाचलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा वाद माजला. हाताचे टाके नाहीत, तर ती क्विल्ट कसली? हा आक्षेप मला पटत नाही. लाँगआर्मवर तर बाईचे वळण अक्षरासारखे ओळखू येते. मला चुटपुट लागली ती निराळ्याच गोष्टीची. पूर्वी लाकडी चौकटीभोवती सात-आठ जणी बसून टाचीत. सुखदुःखे तिथेच बोलली जात. या चौकटीपाशी एकटीच उभी असते.

मी तसे म्हटले. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातले गठ्ठे दाखवले. गावातल्या बायकांनी टाचायला पाठवलेली जोडकामे होती ती. चौरस इंचाच्या हिशेबाने मजुरी. एकीची कापडे मुलाच्या जुन्या सदऱ्यांची. तो आता नाही, एवढेच बाई म्हणाल्या. ते काम त्यांनी दोन महिने हाती घेतले नव्हते, कारण चुकलेला टाका उसवला तर जुन्या कापडाला भोके राहतात. शेवटी साधी सरळ टीप घालायचे ठरवले. मागच्या पट्टीवर दोघींची नावे येणार होती.

त्यांनी टाचलेला एक नमुना इथे टेबलावर ठेवला आहे. पाहताना आधी उलटी बाजू पाहावी. दोऱ्याचा ताण तिथेच कळतो.